जुनी वस्तू ऑनलाइन टाकायची का? आधी गिऱ्हाइकाची गाडी डोळ्यासमोर आणा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आई-बाबा पुण्याला तुमच्याकडे राहायला येणार, नाशिकच्या सिडकोतलं रो हाऊस दोन महिन्यांत रिकामं करायचं आहे. आत लोखंडी कपाट, काचेचा शोकेस, पायाची शिलाई मशीन, फ्रिज, कूलर, इन्व्हर्टर, तांब्या-पितळेची भांडी, पुस्तकांची तीन खोकी, तीन जुने मोबाइल, एक लॅपटॉप आणि बाबांची स्कूटर. तुम्ही म्हणता सगळं ऑनलाइन टाकू, बायको म्हणते भंगारवाल्याला बोलवा आणि मोकळे व्हा, आई म्हणतात काही विकायचं नाही.

तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण माझ्या मते या यादीतलं निम्म्याहून जास्त सामान ऑनलाइन टाकण्याच्या भानगडीत पडू नका.

घरं रिकामी करून सामान विकून द्यायचं काम मी इंदिरानगरमधून २०१३पासून करते. सासूबाईंचं पंचवटीतलं वाड्यातलं बिऱ्हाड मोडलं, तिथून सुरुवात झाली. पहिली काही वर्षं ईबेवरही माल टाकायचे. ऑगस्ट २०१८मध्ये ईबेची भारतातली साइट बंद झाली, तेव्हापासून ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप एवढ्यावर भागतं. लोकांची घरं रिकामी करून द्यायची, जे विकलं जाईल त्यातला पाचवा हिस्सा माझा. त्यामुळे न खपणाऱ्या वस्तूपायी घालवलेला प्रत्येक तास माझ्याच खिशातून जातो. काय टाकायचं नाही, हे मी त्यातूनच शिकले.

वस्तू हातात घेतली की मी किमतीचा विचार आधी करतच नाही. ही वस्तू न्यायला येणारा माणूस कोण, तो कुठून येईल आणि कशावर घालून नेईल, एवढंच डोळ्यासमोर आणते. ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवून जाईल अशी वस्तू असेल तर टाकायची. रिक्षात बसेल अशी असेल तर विचार करायचा. छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, लागणार असेल तर हिशोबाला बसायचं. आणि माणूसच डोळ्यासमोर येत नसेल, म्हणजे ‘असेल कोणीतरी हौशी’ एवढंच मनात येत असेल, तर फोटोसुद्धा काढायचा नाही. तो हौशी मला इतक्या वर्षांत दोनदा भेटला, आणि दोन्ही वेळा त्याने निम्म्यात मागितलं.

नाशिकमध्ये हे गिऱ्हाईक ओळखायला सोपं आहे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नव्याने लागलेली पोरं दोघं-तिघं मिळून खोली घेतात. त्यांना लोखंडी कॉट, दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रिज, कूलर, पंखा लागतो. गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि पंचवटीच्या बाजूच्या कॉलेजांची मुलं जून ते ऑगस्टमध्ये टेबल, खुर्ची, गादी, सायकल शोधतात. निफाड-दिंडोरीकडून रविवारी पिकअप घेऊन येणारे शेतकरी रॅक, ड्रम, मोठी पातेली, जुना डीप फ्रीजर बघतात, आणि पटलं तर तिथल्या तिथे रोख मोजतात. चौथे म्हणजे नवा फ्लॅट घेतलेलं जोडपं. ते विचारतं खूप, घेतं क्वचितच, कारण त्यांना सगळं एका रंगात हवं असतं. तुमचा शोकेस या चौथ्यांच्याच भरवशावर आहे. म्हणजे तो खपणार नाही असंच धरा.

आता कपाट. घरोघरी त्याला गोदरेजच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. चार वर्षांपूर्वी सिडकोतल्याच एका रो हाऊसमधलं असं कपाट मी साडेसात हजारांना टाकलं होतं. जाड पत्रा, आरसा शाबूत, आत लॉकर. फोन भरपूर आले. पाथर्डी फाट्याचे एक गृहस्थ बघायला आले, हात फिरवला, दारं उघडझाप केली, सहा हजारांत ठरलं. मग त्यांनी विचारलं, “लॉकरची किल्ली?” किल्ली कोणालाच माहीत नव्हती. लॉकर बंद, आत काय आहे तेही माहीत नाही. “ते तुम्ही उघडून घ्या” असं म्हणून चालत नाही. आत मालकाचं काही निघालं तर? किल्लीवाल्याला बोलावलं, त्याने पाचशे घेतले. आत १९८७चं रेशनकार्ड, अकरा रुपयांचं आहेराचं पाकीट आणि किल्ल्यांचा जुडगा निघाला. त्याच जुडग्यात लॉकरची किल्ली होती.

इथवर ठीक होतं. कपाट वरच्या मजल्यावर, आणि या घरांचे जिने तुम्हाला माहीतच आहेत. वळणावर कपाट अडकलं. मुळात ते तिथे आलं तेव्हा जिन्याला कठडा नव्हता, नंतर बसवला होता. दोन हमाल कमी पडले, आणखी दोन आणले, दोर लावून गॅलरीतून उतरवलं. हमाली चौदाशे, किल्लीवाला पाचशे, आणि गृहस्थांनी जाताना आरशाला गेलेला तडा दाखवून हजार कापले. मालकांच्या हातात एकतीसशे उरले, माझा हिस्सा अजून काढायचाच होता. भंगारात वजनावर त्याचे अठराशेच्या आसपास आले असते आणि भंगारवाल्याने ते जागेवरच कापून नेलं असतं. वरच्या तेराशे रुपयांसाठी आम्ही नऊ दिवस आणि एक अख्खा रविवार घालवला.

म्हणून कपाटाच्या बाबतीत आधी टेप घ्या. कपाट आणि जिन्याचं वळण, दोन्ही मोजा. तळमजल्यावर असेल तर बेलाशक टाका, चांगलं जातं. वरच्या मजल्यावर असेल तर जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहा: ‘पहिला मजला, लिफ्ट नाही, उतरवून नेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची.’ फोन निम्म्यावर येतील, पण जे येतील ते हमाल ठरवूनच येतील.

छोट्या हत्तीचा हिशोबही सांगून ठेवते. शहरातल्या शहरात, म्हणजे सिडकोहून जेल रोड किंवा मखमलाबादपर्यंत, आठशे ते बाराशे रुपये जातात, वर चढवणं-उतरवणं. गिऱ्हाईक ते पैसे तुमच्या वस्तूच्या किमतीतच धरतं. दोन हजारांचा शोकेस त्याला साडेतीन हजारांना पडतो, आणि साडेतीन हजारांत त्याला प्लायवूडचा नवा, घरपोच मिळतो. त्यामुळे गाडीभाड्याच्या चौपट किंमत येत नसेल, तर मी मोठं फर्निचर टाकत नाही. गल्लीतल्याच कोणाला हवं असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर ‘उचलून न्या, हजार द्या’ एवढं लिहायचं. तिथे गाडीच लागत नाही, हाच फायदा.

शिलाई मशीन मात्र नक्की टाका. या सगळ्या यादीत मला सर्वात आवडलेली वस्तू ती. पायाच्या मशीनचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं: घरी ब्लाउज-फॉल-पिको करणाऱ्या बायका, आणि लाइट गेली तरी काम थांबू नये असं वाटणाऱ्या. पण बहुतेक लोक फोटो चुकीचा काढतात. लाकडी टेबल, कोरीव बिडाचा पाय, बाजूला फुलदाणी ठेवून काढतात, जणू हॉटेलात मांडायचं आहे. घेणारणीला त्यातलं काही बघायचं नसतं. तिला शटल, बॉबिन आणि पट्टा बघायचा असतो. मी चार फोटो टाकते: मशीन समोरून, मागून पट्टा, शटलचं झाकण उघडून आतला भाग, आणि चौथा सर्वात महत्त्वाचा, त्याच मशीनवर पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने घातलेली एक वीतभर टीप, वरची बाजू आणि खालची बाजू. टीप सरळ आणि दोन्हीकडून सारखी दिसली की बोलणं तिथेच संपतं. त्याआधी तेल घाला, दोन दिवस चालवा, पट्टा सैल असेल तर नवा टाका. पट्ट्याला फारसे पैसे लागत नाहीत आणि किमतीत मात्र पाचशेचा फरक पडतो.

हाच न्याय इतर चालू वस्तूंना लावा. वस्तू चालते हे सांगू नका, चालताना दाखवा. फ्रिज आदल्या दिवशीपासून चालू ठेवा, म्हणजे बघायला येणाऱ्याला आत बर्फ दिसेल. बंद फ्रिज उघडल्यावर जो कोंदट वास येतो, त्या वासाने दोन हजार कमी होतात. गॅस भरून घेतला असेल तर कधी भरला ते सांगा. ते लपवलं आणि शेजारणीने सांगितलं, असं माझ्या बाबतीत झालेलं आहे. कूलर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत टाकला तरच अर्थ आहे, वाळ्याच्या जाळ्या नव्या घातल्या तर आणखी बरं. पावसाळ्यात कूलर टाकणं म्हणजे ‘लास्ट किती?’ एवढ्या एकाच मेसेजला दिवसभर उत्तरं देत बसणं.

जाहिरातीच्या मजकुराबद्दल फार लिहीत नाही, कारण लोक त्यात उगाच वेळ घालवतात. पहिल्या ओळीत वस्तूचं नाव, लोक जे बोलतात तेच, मग चालू की बंद, मग भाग: ‘शिलाई मशीन, पायाची, चालू, सिडको.’ किंमत लिहाच. ‘किमतीसाठी इनबॉक्स’ लिहिणाऱ्याकडे रिकामटेकडेच येतात. दोष स्वतः लिहा आणि त्याचा जवळून फोटो टाका. ओरखडा आधी दाखवला तर त्यावर घासाघीस होत नाही, दारात दिसला तर होते. आणि फोटोत मागे नावाची पाटी, लाइट बिल, औषधांची पिशवी, देवघरातली चांदी असलं काही येऊ देऊ नका. घरात दोघं वयस्कर माणसं आहेत हे साऱ्या गावाला कळण्याचं कारण नाही.

किंमत ठरवायची पद्धत माझी सरळ आहे. तीच वस्तू नवी, दिवाळीच्या सेलमध्ये, घरपोच कितीला पडते ते बघायचं. तुम्ही किती दिले होते ते विसरायचं. सेलमधल्या किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या वर बोली सुरू करायची नाही, आणि पंचवीसला सोडायची तयारी ठेवायची. ओएलएक्सवर तसल्याच वस्तू पन्नास-साठ टक्क्यांनी लावलेल्या दिसतील. त्या तिथे दिसतात, कारण त्या विकल्या गेलेल्या नाहीत.

तांब्या-पितळेची भांडी आणि आईंचं मन, या दोन गोष्टी एकत्रच सांगाव्या लागतील. आपलं गाव तांब्या-पितळेचं. भांडी बाजारात मोडीचा भाव रोज ठरलेला असतो, काटा समोर, पैसे लगेच. आपल्याला वाटतं, जुना बंब आहे, घंगाळ आहे, शहरातले लोक सजावटीसाठी जास्त देतील. देतातही, पण ठराविक वस्तूंनाच. बंब, घंगाळ, समई, मोठा हंडा, पानाचा डबा, जुनी मापं या वस्तूंना मोडीपेक्षा जास्त येतं आणि त्या टाकायला हरकत नाही. ताटं, वाट्या, पेले, पिचलेली पातेली थेट मोडीला न्या. फोटोसाठी चिंच-मीठ लावून लखलखीत करायची गरज नाही. ज्यांना सजावटीसाठी हवं त्यांना काळपट छटाच आवडते, आणि मोडीवाला तर वजनच बघतो. एक मात्र सांभाळा: ‘शंभर वर्षांपूर्वीचं ॲन्टिक’ असं ठोकून देऊ नका. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि मूर्ती १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि काही प्रकारांची नोंदणीही करावी लागते. आजीच्या लग्नातलं घंगाळ असेल तर तसंच लिहा, तेवढंच पुरे.

डब्यात जुनी नाणी-नोटा निघतीलच. ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये, असले व्हिडिओ बघून कोणाला फोन करू नका. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आम्ही कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच २०२१मध्ये जाहीर केलं होतं, कारण तिच्या नावावर लोकांकडून पैसे उकळले जात होते. नाशिक रोडला नोटांचा छापखाना असलेल्या गावात राहून आपण यात फसावं, हे बरं दिसत नाही. खरंच काही वेगळं नाणं असेल तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. वेळ काढून दाखवून या, निदान माहिती तरी मिळेल.

आईंना ‘काहीच विकायचं नाही’ असं वाटतं, त्यावर माझा उपाय एवढाच. त्यांना पाच वस्तू निवडायला सांगा. आकाराचं बंधन नाही, पण पाचच. त्या पुण्याला न्यायच्या, एकाही शब्दाने विरोध करायचा नाही. बाकीचं त्यांच्यासमोर विकू नका. गिऱ्हाईक बघायला येईल त्या वेळी त्यांना शेजारी चहाला पाठवा. मी एकदा ही चूक केली. घासाघीस चालू असताना आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अहो, त्या डब्यात मी तीस वर्षं लाडू ठेवले.” गिऱ्हाईक बिचारं ओशाळून न घेताच गेलं. मलाही पुढे काही बोलवलं नाही.

लुगडी-साड्या ऑनलाइन टाकू नका. बोहारीण अजून आमच्याकडे येते, तिच्याशी भाव करण्यात आईंचा वेळही चांगला जाईल. फक्त जरीची साडी चुकून त्या गाठोड्यात जाऊ देऊ नका.

पुस्तकांच्या तीन खोक्यांत काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्पर्धा परीक्षेची असतील तर आधी साल बघा. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे मुख्यच्या जुन्या बहुपर्यायी प्रश्नसंचांना आता रद्दीचाच भाव. मूळ संदर्भग्रंथ मात्र अजून जातात, आणि त्यांचं गिऱ्हाईक नाशिकमध्ये असेलच असं नाही. नंदुरबार, धुळे, परभणीकडून मेसेज येतात.

इथे पोस्टाने पाठवायचं का, हा दुसरा प्रश्न येतो, आणि यात लोक हमखास मार खातात. गिऱ्हाइकाची गाडी म्हणजे आता पोस्टमनची पिशवी. पुस्तकं पोस्टाने पाठवा, खुशाल. १ मे २०२५पासून पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा सुरू झाली. शैक्षणिक, धार्मिक, सामाजिक विषयांच्या छापील पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. जाहिराती असलेला किंवा व्यापारी स्वरूपाचा छापील मजकूर त्यात चालत नाही. पुस्तकं आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग पुठ्ठा, मग ब्राऊन पेपर. पावसाळ्यात प्लास्टिक विसरलात तर पुस्तक फुगून दुप्पट होऊन पोचतं.

पुस्तकं सोडून बाकी काही पाठवायचं म्हटलं तर मी सहसा नाही म्हणते. त्याला कारण आहे. कुरिअरवाले खोकं जड असेल तर वजनाने आणि मोठं असेल तर आकाराने पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,०००ने भागायचं. मिक्सर तीन भांड्यांसकट नीट भरला तर खोकं ४५ गुणिले ३५ गुणिले ३५ होतं. म्हणजे ११ किलो. मिक्सरचं खरं वजन साडेपाच. पैसे अकरा किलोचे लागतात. जुन्या मिक्सरला आठशे येणार असतील तर त्यातले निम्मे खोकंच खाऊन टाकतं. काचेची भांडी तर पाठवूच नका. मी नागपूरला एकदा सहा कपांचा सेट पाठवला होता, पोचला तो अठ्ठावीस तुकड्यांचा. ज्या कुरिअरने नेला त्यांनी पॅकिंगकडे बोट दाखवलं. पॅकिंग मीच केलं होतं, त्यामुळे भांडायला तोंडही नव्हतं. बॅटरी असलेली वस्तू, म्हणजे मोबाइल, पॉवर बँक, पाठवायची तर आत बॅटरी आहे हे काउंटरवर सांगावं लागतं, आणि बऱ्याचदा ती घेतच नाहीत. दूरचं गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी जे हातात देऊन पैसे घेता येईल, ते हातातच द्यावं.

आता फसवणुकीबद्दल, कारण तुम्ही पुण्यात आणि आई-बाबा इथे, म्हणजे फोन त्यांच्यावरच येणार. आपल्याकडे एक खास प्रकार चालतो. फोन येतो, “मी देवळाली कॅम्पमधून बोलतोय, आर्मीत आहे, बदली झालीय, सामान घ्यायला ट्रक पाठवतो, पैसे आधीच टाकतो.” वर्दीतला फोटो, ओळखपत्राचा फोटो, सगळं पाठवतात. नाशिकमध्ये देवळालीला खरंच लष्कर आहे, त्यामुळे माणसाचा पटकन विश्वास बसतो. मग एक क्यूआर कोड येतो, “हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील.” पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. १ ऑक्टोबर २०२५पासून माणसाने माणसाला यूपीआयवर पैशांची विनंती पाठवायची सोय बंद झाली, पण क्यूआरचा आणि खोट्या स्क्रीनशॉटचा खेळ चालूच आहे. दारात आलेल्या पोराने “काका, हे बघा, पेमेंट सक्सेसफुल” म्हणून मोबाइल दाखवला तरी बाबांनी स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जमा रक्कम बघितल्याशिवाय वस्तूला हात लावू द्यायचा नाही. त्यांना ॲप जमत नसेल तर रोखीनेच करा. मी अजूनही पाच हजारांखालचं सगळं रोखीने घेते. आणि गेलेच पैसे, तर लाजून बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०ला, फोन करा. पहिल्या तास-दोन तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

आणखी एक, मी विसार, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम, घेते. “उद्या नक्की येतो, कोणाला देऊ नका” म्हणणाऱ्याकडून दोनशे रुपये घ्यायचे. नाही दिले तर वस्तू मोकळी. त्याच्यावर रागवायचं नाही, वाटही बघायची नाही.

मोबाइल आणि लॅपटॉपचा निर्णय थोडा वेगळा. चार-पाच वर्षांहून जुना मोबाइल ऑनलाइन टाकण्यात काही राम नाही. नवा घेताना एक्स्चेंजमध्ये द्या. त्यापेक्षा नवा असेल तर टाका. पण देण्याआधी फोनमधून गूगल खातं काढा, मग रीसेट करा. हा क्रम उलटला तर घेणाऱ्याला फोन उघडताना तुमचाच पासवर्ड मागितला जातो, आणि रात्री अकराला त्याचा फोन येतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, काढा आणि घेणाऱ्याला संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासायला सांगा. बिल असेल तर द्या, त्यावरचा पत्ता मार्करने खोडून. लॅपटॉपची हार्डडिस्क काढून ठेवून विकला तर किंमत हजार-दीड हजाराने कमी येईल. बाबांचे बँकेचे कागद त्यात असतील तर ते हजार रुपये जाऊ द्या.

इन्व्हर्टर ऑनलाइन जातो, त्याची बॅटरी नाही. जुन्या बॅटरीत शिसं असतं, बॅटरीवाला वजनावर पैसे देतो आणि स्वतः उचलून नेतो. ॲसिडची वस्तू अनोळखी पोराच्या गाडीवर घालून देऊ नका. गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर तर विकायचेच नसतात, ते कंपनीचे. एजन्सीत जमा करा आणि कनेक्शन पुण्याला बदलून घ्या. उरलेली औषधं कोणाला विकूही नका, देऊही नका. वॉकर, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर असेल तर मात्र लगेच टाका, ती मागणाऱ्याला आजच्या आज हवी असते. अशा वस्तूंना मी किंमत कमी लावते. त्या माणसाच्या घरी काय चाललं असेल ते दिसतंच.

स्कूटर. जाहिरात टाकायच्या आधी आरसी, विमा, पीयूसी एका पाकिटात जमवा, कर्ज फिटलेलं असेल तर आरसीवरची बँकेची नोंद उतरवून घ्या. मगच गिऱ्हाईक बघा. नावबदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून “तुम्ही करा ट्रान्सफर” म्हणून गाडी द्यायची नाही. गाडी विकली की १४ दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल आहे. नावबदल झाल्याचं स्वतः बघेपर्यंत मी माझ्या लोकांना दोन हजार रुपये अडकवून ठेवायला सांगते. घेणारा धावत जाऊन काम करून येतो.

करांचं कोणीतरी विचारतंच म्हणून सांगते: घरातलं वापरलेलं सामान, फर्निचर, भांडी, फ्रिज विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं यांना मात्र ही सूट नाही. घंगाळ विकताना काळजी नको, आईंच्या पाटल्या विकायला काढल्या तर सीएला विचारा.

तुमच्या दोन महिन्यांचं मी असं करीन. पहिल्या आठवड्यात मोबाइलपासून कूलरपर्यंतच्या लहान वस्तू (कूलर हंगाम असेल तरच), शिलाई मशीन धरून, एकाच दिवशी टाकायच्या. प्रत्येक जाहिरात जास्तीत जास्त तीन आठवडे ठेवायची. सातव्या दिवशी दहा टक्के उतरायचं, पंधराव्या दिवशी आणखी दहा. एकविसाव्या दिवशी जे उरेल ते भंगारवाल्याच्या यादीत. फ्रिज मात्र शेवटच्या पंधरवड्यात टाका, आई-बाबांना तोवर थंड पाणी लागणारच. अंबड लिंक रोडचा जुना भंगार बाजार मनपाने २०१७मध्ये उठवला, पण भंगारवाल्यांची वाण पडलेली नाही. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा आणि वजनकाटा त्यांचा असला तरी आकडा तुम्ही वाचा. तुमच्या बायकोचं म्हणणं तिथे उपयोगाला येईल. त्या दिवशी त्यांनाच उभं करा.

आणि कपाटाच्या लॉकरची किल्ली कुठे आहे, ते आज रात्रीच आईंना फोन करून विचारा. बहुतेक देवघराच्या खणात असते.